आईचा गुडघा, ब्लॉक आणि पहाटेचे अडीच

गोदाकाठ | १२ जून, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात आईचा डावा गुडघा बदलला. वय ६८, बीपीची गोळी चालू आहे, साखर नाही. ऑपरेशन उत्तम झालं, सर्जनबद्दल काडीची तक्रार नाही. धागा काढतेय तो त्या एका रात्रीमुळे, आणि उजवा गुडघा अजून व्हायचाय म्हणून.

सकाळी नऊला आत नेलं. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली भूल दिली. ऑपरेशन संपता संपता, अकराच्या सुमारास, भूलतज्ज्ञांनी मांडीच्या आतल्या बाजूला सोनोग्राफीच्या पडद्यावर बघून आणखी एक इंजेक्शन दिलं. बाहेर येऊन म्हणाले, "ब्लॉक दिलाय, आजी आता आरामात राहतील." आणि खरंच राहिली. दुपारी पाय हलायला लागले. चारला चहा घेतला. संध्याकाळी फिजिओने वॉकर धरून दारापर्यंत चालवलं. मावशीला व्हिडिओ कॉल लावून "अगं काही म्हणता काही दुखत नाही, तीन वर्षं उगाच घाबरले" असं सांगून झालं. साडेआठला मऊ खिचडी खाल्ली. नऊला सिस्टर आल्या. "आजी, दुखतंय का? गोळी देऊ?" आई म्हणाली, "छे, अजिबात नाही." मीही म्हटलं, मग कशाला उगाच पोटात गोळ्या.

पहाटे अडीचला जाग आली ती पलंगाच्या कठड्याच्या आवाजाने. आईने दोन्ही हातांनी कठडा धरला होता आणि तो खडखड वाजत होता. ती ओरडत नव्हती, तिला ओरडायची लाज वाटत होती. घामाने उशी भिजली होती. मी विचारलं तर एवढंच म्हणाली, "पाय काढून टाक म्हणावं." माझ्या दोन बाळंतपणांत माझ्याजवळ बसलेली ही बाई, तिच्या तोंडून असं मी आजवर ऐकलं नव्हतं. सिस्टरनी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी ट्रॅमाडॉल सलाईनमधून द्यायला सांगितलं. त्याने खिचडी सगळी बाहेर आली. सहा वाजता डोळा लागला तेव्हा चादरीचा बोळा तिच्या मुठीत तसाच होता.

आता ती उजव्या गुडघ्याला तयारच नाही. ऑपरेशनची भीती नाही म्हणते, "त्या रात्रीची" भीती आहे म्हणते.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्यात. चौदा-पंधरा तास काहीच दुखत नव्हतं आणि मग एकदम असं का झालं? आणि पुढच्या वेळी हे टाळता येईल का? कुणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया सांगा.

---

रानजाई | १२ जून, ११:१५

वाचूनच अंगावर काटा आला. आईंना लवकर बरं वाटो. माझ्या सासऱ्यांचं अगदी असंच झालं होतं, फक्त खुब्याचं ऑपरेशन होतं. आम्हाला वाटलं, टाके उसवले की काय.

---

पंचगंगा_डॉक | १२ जून, रात्री ९:५०

गोदाकाठताई, मी भूलतज्ज्ञ आहे, कोल्हापूर भागात बावीस वर्षं काम करतोय. तुमच्या आईंना जे झालं त्याला आमच्या भाषेत रिबाउंड पेन म्हणतात. ऑपरेशनमध्ये काही चुकलं म्हणून ते होत नाही. ब्लॉक उतरला त्या क्षणी अंगात दुसरं एकही दुखणं थोपवणारं औषध नव्हतं, म्हणून झालं. आणि हो, ते टाळता येतं. बऱ्याच अंशी नक्की.

जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या आईंना त्या दिवशी दोन वेगळ्या भुली मिळाल्या. पाठीतली, म्हणजे स्पायनल, दोन-चार तासांत उतरते. दुपारी पाय हलले ते त्यामुळे. मांडीतलं इंजेक्शन म्हणजे बहुधा अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉक. मांडीच्या आतून एक बोगद्यासारखी वाट जाते, तिच्यातून गुडघ्याच्या पुढच्या भागाची संवेदना नेणारी नस जाते. त्या नसेभोवती औषध सोडायचं. पूर्वी आम्ही जांघेत फीमोरल ब्लॉक द्यायचो. त्याने दुखणं छान थांबायचं, पण मांडीचा मोठा स्नायूही लुळा पडायचा आणि पेशंट उभा राहिला की गुडघा मोडून खाली बसायचा. अ‍ॅडक्टर कॅनालमध्ये स्नायूची ताकद बरीचशी राहते, म्हणून त्याच संध्याकाळी आई दारापर्यंत गेल्या.

औषध कोणतं? आपल्याकडे दोनच मुख्य. ब्युपिव्हकेन, म्हणजे ओटीत (ऑपरेशन थिएटरात) ज्याला सगळे अ‍ॅनाविन किंवा सेन्सॉरकेन म्हणतात ते, आणि रोपिव्हकेन. दात काढताना देतात ते झायलोकेन तास-दोन तास टिकतं. ही दोन नसेभोवती दिली की साधारण बारा ते अठरा तास. नसेच्या पडद्यात सोडियमची बारीक दारं असतात, ती उघडली की दुखण्याचा निरोप पुढे जातो. हे औषध पडदा ओलांडून आत शिरतं आणि दाराला आतून कडी घालतं. ब्युपिव्हकेन चरबीत सहज विरघळतं आणि प्रथिनांना घट्ट चिकटतं, म्हणून ती कडी लवकर निघत नाही.

पण निघते तेव्हा भराभर निघते, हा कळीचा मुद्दा. ज्याला ब्लॉक मिळाला नाही त्याचं दुखणं दुपारपासून हळूहळू चढतं, सिस्टर औषध देत जातात, शरीर आणि औषध बरोबरीने चालतात. ब्लॉकवाल्या पेशंटला शून्यावरून एकदम दहापैकी नऊवर जावं लागतं, आणि सकाळच्या ऑपरेशनचा हिशोब केला तर ती वेळ बरोबर मध्यरात्रीनंतर येते. पेशंट झोपेत, नातेवाईक झोपेत, वॉर्डात एक सिस्टर.

तुम्ही रात्री नऊला गोळी नको म्हणालात, यात तुमचा दोष नाही. कुणी सांगितलंच नव्हतं. ती नऊची गोळी नऊच्या दुखण्यासाठी नसते, अडीचच्या दुखण्यासाठी असते. ब्लॉक चालू असतानाच पॅरासिटामोल घड्याळाच्या काट्यावर, साधारण सहा तासांनी, आणि किडनी-पोट चांगलं असेल तर सोबत सूज उतरवणारं औषध. दुखो वा न दुखो. आमच्या केसपेपरवर "एसओएस" लिहिलं जातं, म्हणजे लागलं तर द्या. ब्लॉकच्या पेशंटला एसओएस लिहिणं मला मनापासून चुकीचं वाटतं.

आता स्वतःच्या जमातीबद्दल. तालुक्याच्या गावी आम्ही बरेच जण फिरते भूलतज्ज्ञ. बॅग घेऊन सकाळी एका हॉस्पिटलात, दुपारी दुसऱ्या, रात्री सिझेरियनसाठी तिसऱ्या. ब्लॉक मी अकराला दिला हे माझ्या डोक्यात असतं. रात्रपाळीच्या सिस्टरना ते माहीतच नसतं. माझ्या एका पेशंटच्या बाबतीत हेच झाल्यावर मी एक सवय लावून घेतली. ड्रेसिंगवर मायक्रोपोरची पट्टी लावतो आणि पेनाने लिहितो: ब्लॉक ११:१५, उतरेल रात्री ११ ते पहाटे ५. फाइल टेबलावर राहते, पट्टी पेशंटबरोबर जाते.

---

गोदाकाठ | १२ जून, रात्री १०:२०

डॉक्टर, खूप खूप आभार. आईला वाचून दाखवलं. "तो ब्लॉक उतरला होता होय, मला वाटलं काही तुटलं आत" एवढंच म्हणाली आणि बराच वेळ गप्प बसली.

---

रात्रपाळी | १३ जून, सकाळी ८:०५

मी स्टाफ नर्स आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. आत्ता ड्यूटीवरून घरी आले आणि हा धागा दिसला, लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

पंचगंगा सरांचं म्हणणं शंभर टक्के खरं. रात्री आमच्याकडे वीस-बावीस पेशंट असतात. ज्याला दुखतंय त्याच्याकडे आधी पळावं लागतं, शांत झोपलेल्याकडे नाही. आणि ब्लॉकवाला अडीचपर्यंत सगळ्यात शांत झोपलेला असतो.

दुसरं म्हणजे म्हाताऱ्या बायका सांगत नाहीत. "सोसवतंय गो" म्हणतात. शून्य ते दहामध्ये किती, असं विचारलं की गोंधळतात, परीक्षेतले मार्क सांगायचे आहेत असं वाटतं त्यांना. मी विचारते, "आजी, रुपयात किती आणे?" लगेच उत्तर येतं. चार आणे, आठ आणे. एक आजी म्हणाल्या होत्या, "बारा आणे होतं, आता रुपया भरत आला." मी तेव्हाच इंजेक्शन भरायला घेतलं. नातेवाइकांनीही असंच विचारावं आणि आठ आण्यांना आम्हाला हाक मारावी. रुपया भरायची वाट बघू नये. दुखणं एकदा वर गेलं की त्याला खाली आणायला औषध जास्त लागतं, आणि जास्त औषधाने उलट्या.

पट्टीवर वेळ लिहायची कल्पना मी आजच आमच्या सरांना सांगणार आहे.

---

हिशोबी_माणूस | १३ जून, दुपारी १:३०

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, कुणाला दुखवायचा हेतू नाही. वडिलांच्या ऑपरेशनच्या बिलात "नर्व्ह ब्लॉक" म्हणून वेगळे आठ हजार होते. मेडिकलवाल्याकडे चौकशी केली तर ते औषध शंभर-दोनशेचं निघालं. मग पैसे कसले? आणि शेवटी रात्री दुखणारच असेल तर नुसत्या गोळ्या-इंजेक्शनांवर भागत नाही का?

---

पंचगंगा_डॉक | १३ जून, रात्री १०:३५

प्रश्न रास्त आहे. तुमच्या बिलावर मी बोलू शकत नाही, पण औषध स्वस्त आहे हे खरं. पैसे असतात ते हाताचे आणि मशीनचे. पूर्वी आम्ही अंदाजाने, सुई नसेला लागून मुंग्या आल्या की औषध सोडायचो. आता सोनोग्राफीत नस, शेजारची रक्तवाहिनी आणि सुईचं टोक तिन्ही दिसतात. औषध कमी लागतं आणि रक्तवाहिनीत जाण्याचा धोका घटतो. पण सोनोग्राफी मशीन म्हटलं की पीसीपीएनडीटी कायदा आला. मुलींचे गर्भ पाडले जाऊ नयेत म्हणून तो कायदा हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण त्यामुळे माझ्यासारख्या फिरत्या माणसाला पोर्टेबल मशीन बॅगेत टाकून या गावातून त्या गावात नेता येत नाही. ज्या हॉस्पिटलात मशीन नोंदवलंय तिथेच ते वापरायचं. म्हणून शहरात सहज मिळणारा ब्लॉक तालुक्याला मिळत नाही.

नुसत्या इंजेक्शनांवर भागतं का? छोट्या ऑपरेशनला भागतं. गुडघा, खांदा, बरगडी कापून केलेलं छातीचं ऑपरेशन, इथे ब्लॉक नसेल तर ट्रॅमाडॉल, फेंटॅनिल, मॉर्फिन जास्त द्यावी लागतात. मग मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठ, म्हाताऱ्यांना रात्री भ्रम, आणि श्वास मंदावण्याची भीती. आईंना ट्रॅमाडॉलने खिचडी उलटली, ते आठवा. पहिले पंधरा तास ब्लॉकने निभावले तर तेवढी औषधं कमी होतात, पेशंट खातो, बसतो, खोकू शकतो. छातीत कफ साठत नाही. हा फायदा बिलात दिसत नाही, पण मला रोज दिसतो.

---

अटलांटिकपार | १४ जून, पहाटे ४:१०

इकडे न्यू जर्सीत गेल्या वर्षी माझ्या उजव्या खांद्याचं रोटेटर कफचं ऑपरेशन झालं. त्याच दिवशी घरी पाठवलं. मानेच्या बाजूला ब्लॉक दिला होता, आणि औषध होतं एक्सपारेल. ब्युपिव्हकेनच, पण चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं. ७२ तासांपर्यंत चालतं असं सांगितलं.

माझा अनुभव: पहिले दोन दिवस हात म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी माझ्या गळ्यात बांधलेला. दुखणं जवळजवळ नाही. ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक, दहा गोळ्या दिल्या होत्या, दोनच घेतल्या, बाकीच्या फार्मसीत परत टाकल्या. इथे त्या गोळ्यांच्या व्यसनाने घरंच्या घरं उद्ध्वस्त झालीत, म्हणून डॉक्टरही त्या कमीत कमी द्यायला बघतात.

पण दोन गोष्टी आधी नीट माहीत असत्या तर बरं झालं असतं. पहिली रात्र आडवं झालो की श्वास पुरत नाही असं वाटायचं, आवाज घोगरा झाला होता आणि उजवी पापणी खाली आली होती. बायको घाबरली, तिला वाटलं पॅरालिसिस. कागदपत्रांत होतं लिहिलेलं, वाचलं कुणी? आणि दुसऱ्या दिवशी मी चहाचा कप मांडीवर टेकवून बसलो होतो, बधिर हात झोळीतून सरकून कपाला चिकटला. मला कळलंच नाही. चहा गार झाल्यावर हात उचलला तर मनगटाखाली रुपयाएवढा फोड. त्याचा डाग अजून आहे. बधिर हाताला आपल्याला डोळ्यांनीच सांभाळावं लागतं, हे सगळ्यांना सांगा.

डॉक्टर, हे औषध भारतात का वापरत नाहीत? तीन दिवस चाललं तर गोदाकाठताईंच्या आईंची ती रात्र आलीच नसती ना?

---

पंचगंगा_डॉक | १४ जून, रात्री ११:१०

तुमच्या हाताच्या फोडाबद्दल वाईट वाटलं. श्वास, आवाज, पापणी या तिन्ही गोष्टी मानेतल्या ब्लॉकच्या ओळखीच्या आहेत. तिथून जवळच श्वासाच्या पडद्याची नस जाते, तीही बधिर होते आणि एका बाजूचा पडदा काही तास हलत नाही. धडधाकट माणसाला चालून जातं. दम्याच्या किंवा फुप्फुस आधीच कमजोर असलेल्या पेशंटला मी तो ब्लॉक देत नाही. पापणी आपोआप वर येते.

आता एक्सपारेल. कल्पना सुंदर आहे. डाळिंबासारखी. एका सालीत शेकडो दाणे, प्रत्येक दाण्याला आपापला पडदा, आत ब्युपिव्हकेन. दाणे हळूहळू फुटत जातात आणि औषध थोडं थोडं झिरपतं. अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळाली, सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या हाडाच्या आणि मूळव्याधीच्या ऑपरेशनांवरच्या चाचण्यांपासून झाली. खांद्याच्या ब्लॉकसाठी २०१८ मध्ये, गुडघ्यासाठी लागणाऱ्या अ‍ॅडक्टर कॅनालसाठी २०२३ मध्ये. तुमच्याकडे एका बाटलीला तीनशे डॉलरच्या वर मोजावे लागतात.

पण ७२ तासांच्या आकड्याकडे जरा जपून बघा. २०२१ मध्ये अ‍ॅनेस्थेसिऑलॉजी या नियतकालिकात अनेक चाचण्या एकत्र तपासणारे लेख आले. निष्कर्ष असा की साध्या ब्युपिव्हकेनच्या तुलनेत पेशंटला जाणवेल असा फायदा दिसत नाही. कंपनीने, म्हणजे पसीराने, त्या लेखांवरून थेट अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेवर दावा लावला. कोर्टाने तो फेटाळला, अपिलातही २०२३ मध्ये तोच निकाल राहिला: वैज्ञानिक मतभेद मासिकात मांडायचे, कोर्टात नव्हे. ब्रिटनमध्ये गुडघा बदललेल्या पाचशेहून जास्त पेशंटवर चाचणी झाली, सांध्याभोवती हे औषध टोचून. साध्या ब्युपिव्हकेनपेक्षा ना दुखणं कमी झालं, ना पेशंट लवकर सावरले. तुम्हाला लागू पडलं याचा आनंदच आहे, अनुभव खोटा नसतो. पण आईंची ती रात्र वाचायला तीनशे डॉलरची बाटली लागली नसती. नऊ वाजताच्या गोळीने बरंचसं निभावलं असतं.

ब्लॉक लांबवायचे साधे मार्ग आपल्याकडे आहेत. औषधात थोडं डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) मिसळलं किंवा शिरेतून दिलं की काही तास वाढतात. मधुमेह असेल तर साखर चढते, तेवढं बघावं लागतं. नाहीतर नसेशेजारी केसासारखी बारीक नळी ठेवून पंपाने दोन-तीन दिवस थेंब थेंब रोपिव्हकेन सोडता येतं. हा प्रकार मला फार आवडतो, पण नळी सरकते, गळते, आणि रोज बघणारं माणूस हवं.

---

रानजाई | १५ जून, सकाळी ९:२०

डॉक्टर, एवढं तासन्‌तास टिकणारं औषध म्हणजे चुकून जास्त झालं तर? आमच्या ओळखीत ब्लॉक देताना एका बाईंना झटका आला असं ऐकलं होतं.

---

पंचगंगा_डॉक | १५ जून, रात्री १०:००

हे विचारलंत ते बरं केलंत, कारण या औषधाची सगळ्यात गंभीर बाजू हीच आहे.

ब्युपिव्हकेन १९५७ साली स्वीडनमध्ये तयार झालं, बोफोर्सच्या प्रयोगशाळेत. हो, तेच बोफोर्स. दीर्घकाळ टिकतं म्हणून जगभर वापर वाढला. मग सत्तरच्या दशकात लक्षात आलं की रक्तवाहिनीत गेलं तर ते हृदयाच्या सोडियमच्या दारांनाही कडी घालतं, आणि तीही लवकर निघत नाही. १९७९ मध्ये डॉ. अल्ब्राइट यांनी यावर संपादकीय लिहिलं आणि सगळे खडबडून जागे झाले. बाळंतपणात जास्त तीव्रतेचं, ०.७५ टक्क्यांचं, अमेरिकेत बंद झालं. रोपिव्हकेन त्यातूनच आलं. ब्युपिव्हकेनमध्ये रेणूची डावी-उजवी दोन्ही रूपं मिसळलेली असतात, डाव्या-उजव्या हातासारखी. हृदयाला त्यातलं एक जास्त त्रास देतं. रोपिव्हकेनमध्ये कमी त्रासाचंच एक रूप असतं.

आम्ही वजनावर हिशोब करतो. ब्युपिव्हकेन किलोला दोन-अडीच मिलिग्रॅमच्या पुढे नाही, रोपिव्हकेन तीन. सर्जन सांध्यात टोचणार असेल तर तेही याच हिशोबात. पन्नास किलोच्या आजींना दोघांनी आपापल्या परीने भरपूर दिलं, की बेरीज कुणी करायची? म्हणून ओटीत मोठ्याने बोलायचं: "मी वीस सीसी दिलंय." पेशंट जागा असेल तर मी त्याच्याशी गप्पा मारत राहतो. ओठांभोवती मुंग्या, जिभेवर लोखंडासारखी चव, कानात गुणगुण, मध्येच असंबद्ध बडबड, यातलं काही झालं की सुई थांबते.

आणि त्यावर उतारा आहे. १९९८ मध्ये डॉ. वाइनबर्ग यांनी उंदरांवर दाखवलं की वीस टक्क्यांचं लिपिड, म्हणजे आयसीयूत जेवण म्हणून शिरेतून देतात ते दुधासारखं पांढरं सलाईन, दिलं की ब्युपिव्हकेनने थांबलेलं हृदय परत चालतं. २००६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये खांद्याचा ब्लॉक दिलेल्या एका पेशंटचं हृदय थांबलं, नेहमीचे सगळे उपाय करूनही चालेना. लिपिड दिलं आणि तो माणूस वाचला. सत्तर किलोच्या माणसाला सुरुवातीला साधारण शंभर मिलि. माझ्या बॅगेत ती बाटली असतेच. जिथे ब्लॉक देतात तिथे ती असायलाच हवी. नातेवाइकांनी "लिपिड ठेवलंय ना?" असं विचारलं तर चांगला भूलतज्ज्ञ रागावणार नाही.

---

सुगरण_सई | १५ जून, रात्री ११:४५

सिझेरियननंतर मला पोटाच्या दोन्ही बाजूंना ब्लॉक दिला होता. टाक्यांवर अजिबात दुखलं नाही, पण बाळ प्यायला लागलं की आतून कळा यायच्या. मला वाटायचं ब्लॉक फसला. नंतर कळलं की तो पोटाच्या भिंतीपुरताच असतो, गर्भाशयाच्या कळांना तो पोचत नाही. बाळाला दुधातून काही होईल का ही भीती होती, डॉक्टरांनी ती काढली. कुणा नव्या आईच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

---

चालते_बोलते | १६ जून, दुपारी ४:००

फिजिओ आहे. एकच सांगते. ब्लॉकच्या रात्री बाथरूमला एकट्याने जाऊ नका. "पाय ठीक आहे" असं वाटतं, पण पावलाखाली फरशी नीट कळत नाही. माझ्या एका पेशंटने नव्या गुडघ्यावर पडून पुन्हा टाके घालून घेतले. आणि दुखत नाही म्हणून गुडघा हवा तेवढा वाकवू नका, पहिल्या दिवशी मी सांगेन तेवढाच.

---

रात्रपाळी | १६ जून, ५:१०

यात माझी भर. हात किंवा पायाला प्लास्टर असेल आणि ब्लॉक चालू असतानाही दुखणं वाढतच गेलं, बोटं गार किंवा निळसर झाली, तर "ब्लॉक उतरला असेल" म्हणून थांबू नका. बेल वाजवा. आणि दिवस उलटला तरी भाग बधिरच असेल तर भूलतज्ज्ञांना फोन करा.

---

गोदाकाठ | २९ जुलै, सकाळी ११:००

मंडळी, आईचा उजवा गुडघा मंगळवारी झाला.

आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांना भेटले. मागच्या वेळचेच डॉक्टर होते. मी मागच्या रात्रीचं सांगितलं तर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मला कुणी कळवलंच नाही." त्यांना खरंच माहीत नव्हतं. पट्टीचं सांगितलं, वेळेवर गोळ्यांचं सांगितलं. लिपिडचं विचारलं तर ट्रॉलीचा खालचा कप्पा उघडून बाटली दाखवली.

या वेळी ड्रेसिंगच्या वरच्या कडेला पट्टी होती, निळ्या पेनाने लिहिलेली: १०:५०. दुपारी दोन, रात्री आठ, रात्री दोन, दुखो न दुखो पॅरासिटामोल. सोबत सूज उतरवणारं एक, किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघून. रात्री दोनला सिस्टर स्वतःहून आल्या, आईला उठवलं, गोळी दिली. आई कुरकुरली, "झोपेतून उठवून कशाला?"

मी जागीच होते. तीन वाजता तिने पाय किंचित हलवला. मी रुपयात किती आणे विचारलं. "चार. साडेचार म्हण." साडेतीनला सहा आणे झाले, सव्वाचारला आठ. बेल वाजवली, सिस्टरनी शिरेतून एक इंजेक्शन दिलं, आधी उलटीचं दिलं होतं. साडेपाचला ती तोंड उघडं टाकून घोरत होती. दुखलं, नाही असं नाही. पण कठडा वाजला नाही.

रात्रपाळीताई, आण्यांची युक्ती आमच्या वॉर्डातल्या सिस्टरनीही उचलली. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना विचारत होत्या.

---

रात्रपाळी | २९ जुलै, रात्री ८:३०

ताई, वाचून डोळे भरून आले. आता ड्यूटीला निघते. आमच्या वॉर्डातही आता पट्टीवर वेळ लिहितात.